सुकट, निवडलेली

माझं नाव वाल्मिक. नोकरीने एसटी कंडक्टर, मुरबाड-धसई मार्ग, पिंडाने गुप्तहेर. अख्ख्या तालुक्यात माझ्या तोडीचा दुसरा गुप्तहेर नाही. तालुक्यात दुसरा गुप्तहेरच नाही, असं माझी बायको देवकी म्हणते. पण तिच्या म्हणण्यात आणि माझ्या म्हणण्यात मला काही विरोध दिसत नाही. बिनतिकिटाचा माणूस मी पाठीवरून ओळखतो. ज्याने तिकीट काढलंय तो खिडकीबाहेर बघतो. ज्याने नाही काढलं तोही खिडकीबाहेरच बघतो, पण जरा जास्त आवडीने. ही नजर उपजत असावी लागते, ती डेपोत युनिफॉर्मबरोबर वाटत नाहीत. आजवर मी एक शेळी, दोन छत्र्या आणि नवरदेवाचा एक बूट शोधून दिला आहे. शेळी आपल्या पायांनी घरी आली हे खरं, पण ती येईल असं मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

तर ही केस नव्याण्णव सालच्या पावसाळ्यात सुरू झाली. आमच्या गावच्या शाळेत एक गुळगुळीत पत्रक आलं. 'अखिल भारतीय उगवते बालसाहित्यिक गौरव मंडळ' आयोजित काव्यस्पर्धा. वर सरस्वती, खाली मोर, आणि पत्ता म्हणून नुसता पोस्टाच्या पेटीचा नंबर. साधा माणूस इथेच सावध झाला असता. मी तर्क चालवला: एवढ्या मोठ्या मंडळाला दारावर पाटी कशाला लागते?

माझी मुलगी मनस्वी तेव्हा पाचवीत होती. तिने चार दिवस खपून कविता लिहिली. एकरेघी वहीचं पान फाडून तिने ते माझ्यापुढे धरलं, तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो.

"बाबा, आदी वाचा ना."

"गाडीचा टाइम झाला गो. छापून आली की वाचतो. छापलेलं वाचायला बरं पडतं."

तिने पानाची घडी घातली आणि माझ्या वरच्या खिशात ठेवली. त्या खिशात सकाळच्या वेळी काय काय असतं हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. धसईचा बाजार म्हटला की वाटेवरच्या बायका गाडीच्या दारात येऊन कंडक्टरच्या हातात पिशवी आणि चिठ्ठी देतात. मी धसईला उतरत नाही. दारातूनच सगळ्या चिठ्ठ्या किराणावाल्या मंगळूशेठच्या हाती देतो, परतीच्या फेरीला भरलेल्या पिशव्या उचलतो आणि ज्याच्या त्याच्या फाट्यावर टाकतो. चिठ्ठ्या वाचण्याची मला सवय नाही. वाचणं दुकानदाराचं काम. त्याच सकाळी देवकीनेही त्याच वहीचं पान फाडून माझ्या खिशात काहीतरी कोंबलं होतं, पण बायकोने खिशात काय कोंबलं याची नोंद ठेवणं हे गुप्तहेराच्या इतमामाला शोभत नाही. मुरबाड स्टँडवर मी मनस्वीचा फोटो लावलेल्या स्पर्धेच्या फॉर्मला खिशातला एक कागद टाचला, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.

दोन महिन्यांनी मंडळाचं पत्र आलं. 'आपल्या पाल्याची कविता देशभरातील हजारो कवितांमधून निवडण्यात आली आहे. असे लेखन आमच्या परीक्षकांच्या पाहण्यात यापूर्वी आलेले नाही.' कविता एका भव्य ग्रंथात छापणार होते. ग्रंथ दुकानात मिळणार नव्हता. तो फक्त निवडलेल्या मुलांच्या पालकांनाच मिळणार होता, तोही आगाऊ पैसे भरले तर. पदकाचे वेगळे, प्रमाणपत्राचे वेगळे, प्रमाणपत्राच्या चौकटीचे त्याहून वेगळे. मी पत्र दोनदा वाचलं आणि तीन प्रतींची मागणी नोंदवली.

देवकीने पत्र उलटसुलट करून पाहिलं. "जिंकली आपली पोर, नि पैसे आपणच द्याचे? बक्षीस म्हंजे त्यांनी द्याचं नाय काय?"

"तुला साहित्यातलं काय कळतं?"

"साहित्यातलं नाय कळत. बाजारातलं कळतं," असं म्हणून ती भाकऱ्या थापायला गेली. अशा शेऱ्यांची मी दखल घेत नाही.

त्या आठवड्यात आमच्या मार्गावरच्या अकरा मुलांना तसंच पत्र आलं. कविता पाठवल्या होत्या अकराच मुलांनी. देशभरातल्या हजारो कवितांतून एकट्या मुरबाड तालुक्याच्या अकराच्या अकरा निवडल्या जाव्यात, हा निव्वळ योगायोग असू शकत नाही हे मी ताबडतोब ओळखलं. निष्कर्ष: आपल्या पाण्यातच काहीतरी आहे. पुढच्या घरातल्या दामिनीने तर कागदावर एवढंच लिहिलं होतं, 'मला कविता येत नाही, गुरुजींनी सांगितलं म्हणून पाठवते.' तीही निवडली गेली. परीक्षकांना त्यात 'निरागस आत्मपरीक्षण' आढळलं होतं. मी म्हटलं, नव्या पद्धतीची कविता असेल.

जानेवारीत डेपोच्या पत्त्यावर मंडळाचं पार्सल आलं. ग्रंथ इतका जाड की बंद पडलेल्या गाडीच्या चाकाखाली लावता यावा. एकेका पानावर सहा-सहा कविता, अक्षर मुंगीच्या पायाएवढं. मुलांची नावं मात्र ठसठशीत, कारण पालक विकत घेतात ती नावं. मनस्वी शाळा सुटल्यावर रोजच्यासारखी माझ्या गाडीत येऊन बसली होती. पान दोनशे चौदा मी तिच्यासमोर उघडलं. तिचा फोटो, तिचं नाव, आणि खाली:

*अभाव*

*सुकट, निवडलेली. मागच्या वेळी वाळू होती.*
*मीठ. जाडं.*
*तूरडाळ.*
*आईंची मशेरी. गुलाबी पुडीतली, हिरवी नको.*
*मेणबत्त्या. लाइटीचा भरवसा नाही.*
*खोबरं बघून घ्या.*
*वरून चांगलं, आतून खवट.*
*विसरू नका.*
*विसरलात तर घरी येऊ नका.*

त्याखाली संपादकांची टीप: 'ग्रामीण जीवनातील अंधाराचे विदारक चित्रण. "वरून चांगलं, आतून खवट" या ओळीत समाजाच्या दांभिकतेवर ओढलेला आसूड, आणि अखेरीस घराला पारखे होण्याची वेदना. वय वर्षे दहा!'

माझा ऊर भरून आला. मनस्वीचा चेहरा मात्र उतरला.

"बाबा, ही माझी नाय."

"काय?"

"माझी कविता वेगळी होती. ही तर आपल्या..."

"थांब!" मी हात वर केला. माझ्यातला गुप्तहेर जागा झाला होता, आणि तो जागा झाला की दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. "कविता बदलली गेली हाय. मोठं प्रकरण दिसतंय."

"बाबा, पण ही आपल्या..."

"साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलायचं नाय. आणि आईला यातलं एक अक्षर सांगायचं नाय. घे शपथ माझ्या शिट्टीची."

तिने शिट्टीवर हात ठेवून शपथ घेतली. ग्रंथाच्या तिन्ही प्रती मी पुरावा म्हणून तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवल्या. शाळेत तोवर ठरून गेलं होतं की सव्वीस जानेवारीच्या झेंड्यानंतर अकराही बालसाहित्यिकांचा सत्कार करायचा आणि मनस्वीने आपली कविता गावासमोर वाचायची. पत्रिका छापून झाल्या होत्या. म्हणजे माझ्याकडे चोर पकडायला दहा दिवस होते; नाहीतर माझ्या पोरीला दुसऱ्याच्या ओळींवर टाळ्या घ्याव्या लागणार होत्या. त्या दिवसापासून तिने कवितांची वही उघडली नाही. दप्तरातसुद्धा ठेवली नाही. मला ते दिसलं, पण मी ते तपासाच्या कागदात घेतलं नाही.

पहिला संशयित पोस्टमन लडकू. त्याच्या बोटांना शाई होती. पत्र फोडून कविता बदलणाऱ्या माणसाच्या बोटांना शाई लागणारच. मी त्याला दारात गाठला आणि एकदम विचारलं, "शाई कसली?"

"शिक्के मारतो ना वाल्मिकदादा. पंदरा वर्सं."

उत्तर फारच तयार होतं. पण त्याला सोडून द्यावं लागलं, कारण गाडीला उशीर होत होता.

दुसरा सिद्धांत माझा मलाच आवडलेला आहे. ही कविता नसून सांकेतिक निरोप आहे! 'गुलाबी पुडी' म्हणजे बेकायदा माल. 'लाइटीचा भरवसा नाही' म्हणजे माल अंधारात उतरवायचा. 'विसरलात तर घरी येऊ नका' ही सरळसरळ धमकी. टोळीचा म्होरक्या कुणीतरी कडक, निर्दय, हुकूम सोडणारा इसम असावा असा माझा अंदाज होता, आणि एवढा एकच अंदाज पुढे थोडाफार बरोबर निघाला. सुट्टीच्या दिवशी मी सुकटीच्या पाट्या घेऊन चाललेल्या एका जीपचा दुसऱ्या जीपने पाठलाग केला. त्या जीपमधून धोंडीबाई नावाच्या बाई उतरल्या आणि त्यांनी पाटीतली सुकट माझ्या नाकाखाली धरून भाव सांगितला. कपडे तीन दिवस वास मारत होते.

याच काळात धसईच्या बाजारात लोक मला एक भलताच प्रश्न विचारायला लागले. गाडी थांबली की कुणीतरी हसत ओरडायचं, "कंडक्टर, पकडली काय?" भाजीवाल्या विचारायच्या, हमाल विचारायचे. तपासाची बातमी फुटली असं समजून मी गंभीरपणे सांगायचो, "लवकरच." ते आणखी हसायचे. लोकांना कशाचंच गांभीर्य नसतं.

शेवटी मी थेट मुळावर घाव घालायचं ठरवलं. ग्रंथाच्या मागच्या पानावर छापखान्याचा पत्ता होता, त्यावरून माग काढत मी कल्याणला एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत पोहोचलो. अखिल भारत त्या खोलीत मावत होता. एका बाजूला पदकांची पोती. एका टेबलावर एक बाई पाकिटांच्या चळतीवर 'असामान्य प्रतिभा' असा शिक्का मारत होती आणि एक माणूस ती पाकिटं नंतर फोडत होता. पाकीट उघडण्याआधीच प्रतिभा ओळखणारी संस्था! मी थक्क झालो.

व्यवस्थापक टाय लावून बसले होते. मी विचारलं, "पान दोनशे चौदा. कविता कुणी बदलली?"

"कुठली कविता?" त्यांनी पान काढलं, वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती पहिल्यांदाच वाचल्याचा भाव उमटला. "अहो, ही तर आमच्या परीक्षकांची सर्वांत आवडती! बदलली म्हणता? छे. एखादा शब्द बदलायचीसुद्धा आमची प्राज्ञा नाही. अशा कवीला खरं म्हणजे गौरव-ढालच हवी. आपण घेतली नाहीत?"

तासाभराने मी खाली उतरलो तेव्हा माझ्या काखेत गौरव-ढाल होती आणि खिशात पुढच्या वर्षाचा फॉर्म. तपासात प्रगती काय, असं विचाराल तर ढाल पितळेची नव्हती एवढं कळलं. तेही घरी आल्यावर, देवकीने चिंचेने घासल्यावर.

पंचवीस तारखेच्या दुपारी मनस्वीने सांगून टाकलं, "बाबा, मी उद्या वाचणार नाय. माझी नाय ती."

"गो, पत्रिकेवर नाव पडलंय. गुरुजींना काय सांगू? चोर सापडेपर्यंत वाच. मग बघू."

"दुसऱ्याची आपली म्हणून वाचू?"

मी आवाज चढवला. बापलोकांची ही जुनी पद्धत. ती रडली नाही. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत तिने विचारलं, "उद्या आई येणार हाय?"

"येणार. आजीपण येणार. सगळा गाव येणार."

"मग वाचते. पण सगळी वाचणार. मदी थांबवायचं नाय. घ्या शिट्टीची शपथ."

मी घेतली. गुप्तहेराला साक्षीदाराची मर्जी सांभाळावी लागते.

झेंडा झाला, जिलेबी वाटून झाली. शेखर गुरुजींनी मंडळाचं पत्र वाचून दाखवलं, संपादकांची टीपही वाचली. 'विदारक' या शब्दाला टाळ्या पडल्या. मग मनस्वी पुढे आली. ग्रंथ तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हता. ती घसा खाकरून, एकेक शब्द सोडवत वाचायला लागली.

"सुकट, निवडलेली. मागच्या वेळी वाळू होती."

बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. "मीठ. जाडं." कुणीतरी फिसकन हसलं. "आईंची मशेरी. गुलाबी पुडीतली, हिरवी नको."

तिथे माझी आई, सकुबाई, जिला आयुष्यात एक अक्षर वाचता आलेलं नाही, ती गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. "अरे! ही तर माझी मशेरी! पावसाळ्यात सांगितली व्हती, अजून येतेय!"

मनस्वीने वाचन थांबवलं नाही. "खोबरं बघून घ्या. वरून चांगलं, आतून खवट. विसरू नका. विसरलात तर..."

"...घरी येऊ नका!" देवकीने तिच्या आधीच ओळ पुरी केली. ती उठून उभी होती. "अहो! ही माझी यादी हाय! त्या बाजाराला तुमी नुसतं मीठ नि साबण घेऊन आलात नि मला म्हणालात, चिठ्ठीत एवढंच होतं! माझ्या यादीला पदक लावून आणलंत काय?"

सगळं गाव हसत होतं. गुरुजी टीपेचा कागद खिशात घालायला बघत होते आणि खिसा सापडत नव्हता. मनस्वी स्टेजवरून शांतपणे म्हणाली, "आई, मी तुला सांगितलं नाय हां. मी फक्त वाचली."

आता माझी बाजू. लडकूने कविता चोरली नव्हती, टोळीने बदलली नव्हती, मंडळानेही तिला हात लावला नव्हता. मी फॉर्मला देवकीची यादी टाचली होती, बस्स. ते मंडळ तर धोब्याचा हिशेब पाठवला असता तरी त्याला पदक लावून मोकळं झालं असतं. पोरांच्या नावाला भुलणाऱ्या आईबापांना लुबाडणारी भुरटी जमात ती. पाकीटमार निदान तुमची पाठ थोपटत नाही. त्यांनी माझ्या मुलीची कविता वाचली नव्हती. पण ती तर मीही वाचली नव्हती. फरक एवढाच, की न वाचण्याचे त्यांनी पैसे घेतले आणि मी दिले. तिथे जिलेबीच्या ताटांमध्ये उभा असताना मला माझीच अशी चीड आली की काय सांगू.

मी मनस्वीला एक प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "मग तुझी कविता कुठं हाय?"

"मला काय म्हायती? तुमच्याच खिशात ठेवली होती."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसली. तिची ती नेहमीची जागा. धसईला मी नोकरीच्या बारा वर्षांत पहिल्यांदा गाडीतून उतरून मंगळूशेठच्या दुकानात शिरलो. दुकानदार चिठ्ठ्या तारेत ओवून ठेवतात, म्हणून मी तारेकडे धावलो आणि पावसाळ्यापासूनच्या चिठ्ठ्या उपसायला लागलो.

"काय शोधताव?" मंगळूशेठनी विचारलं.

"एक चिठ्ठी. एकरेघी वहीची. तिच्यात माल लिहिलेला नव्हता."

"ती व्हय!" म्हातारा खूश झाला. "ती मी तारेत नाय ओवली. वाचली नि म्हटलं, ह्याच्यात देण्यासारखं कायच नाय. म्हणून अंदाजाने मीठ-साबण दिला नि चिठ्ठी भितीला लावली. गिऱ्हाईक उभं ऱ्हातं ना, तवर वाचतं. ज्याला येत नाय त्याला दुसरा वाचून दाखवतो."

तांदळाच्या पोत्यांच्या वर, खळीने चिकटवलेला तो कागद होता. कोपऱ्यांना बोटांचे डाग पडले होते. सुकटवाल्या धोंडीबाई मीठ घ्यायला आल्या होत्या, त्यांनी मला पाहिलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या मनस्वीला पाहिलं आणि हसून विचारलं, "काय कंडक्टर, पकडली काय शेवटी?"

मी वाचलं.

*माझे बाबा सगळं शोधतात.*
*शेळी शोधतात, छत्री शोधतात,*
*बिनतिकिटाचा माणूस तर पाठीवरून शोधतात.*
*मी त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसते.*
*ते सगळ्यांना विचारतात, कुठं जायचं?*
*मला नाही विचारत.*
*मी रोज तिकीट न काढता बसते.*
*एकदा त्यांनी मला पकडावं.*

मी ते तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. मंगळूशेठ म्हणाले, "कागद काढून देऊ काय?" मी मनस्वीकडे बघितलं. ती म्हणाली, "नको. ऱ्हाऊ दे. इथं लोक वाचतात."

ग्रंथ सध्या आमच्या बाथरूमचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला असतो. ढालीने देवकी पाण्याचं मडकं झाकते. मंडळाचं पत्र दर वर्षी येतं आणि दर वर्षी ते चूल पेटवायला उपयोगी पडतं.

त्या दिवशी धसईहून परतीच्या फेरीला गाडी गच्च भरली होती. मी पुढून सुरुवात केली, एकेकाला तिकीट देत, गर्दीतून वाट काढत शेवटच्या सीटपर्यंत पोहोचलो. मनस्वी खिडकीबाहेर बघत होती, जरा जास्त आवडीने.

मी पंच वाजवला. "कुठं जायचं?"

ती वळली. हनुवटीवर बोट ठेवून ती विचार करायला लागली. फाटा आला, उतरणारे ओरडायला लागले, ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "अरे वाल्मिक, बेल मार ना!" मी मारली नाही. हाफ तिकीट फाडून हातात धरलं आणि तिचं उत्तर ऐकायला तसाच उभा राहिलो.